लिटरभर तेल, पण किलोभर नाही

कुळगावच्या बाजारातून घाण्याचं शेंगतेल किलोभर आणलं. घरी लिटरच्या बाटलीत ओतलं, तर बाटली गळ्यापर्यंत भरूनही किटलीत अर्धी वाटी उरलंच! तेल पाण्यापेक्षा हलकं ना: १ लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. म्हणून १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर मावतं.

खरी गंमत तापमानाची. तापलं की तेल फुगतं. लिटरभर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६. काही कंपन्या चक्क ६० अंश धरून माप छापायच्या. बदलापूरच्या मे महिन्यातही एवढं तापत नाही हो! २०२२ मध्ये केंद्राने तापमान वगळून वजनही छापायला सांगितलं.

भाव ताडायचाय? लिटरचा दर ०.९१ ने भागा, किलोचा निघतो.