अर्धा तास

यंदा अखाजीला धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यात कुस्त्यांचा फड पाहायला गेलो होतो. पोरासोरांच्या कुस्त्या चालल्या होत्या. एवढ्यात एक दणकट शेतकरी गर्दीतून वाट काढीत आला आणि पाया पडला. "सर, ओळखलं का?"

ओळखले, आणि माझी मान खाली गेली.

वीस वर्षांपूर्वी जळगावला तो माझ्या वर्गात होता. निवडीच्या कुस्त्यांसाठी त्याला माझी चिठ्ठी हवी होती. मी उत्तरपत्रिकांत बुडालेला. "उद्या ये" म्हणालो. असे तीन 'उद्या' गेले. चौथ्या दिवशी तो दारात उभा राहून एवढेच म्हणाला, "सर, तारीख गयी."

परतताना एसटीत मला खाशाबा जाधव आठवत राहिले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र त्यांना डावलले गेले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती मारली. मग प्रश्न आला पैशांचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना लगेच रशियाच्या मामदबेकोवपुढे उभे केले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाचा विसावा हा नियम होता. पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले!

गावाने शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. सरकारदरबारी मात्र सामसूम. १९५५ साली ते फौजदार झाले, पुढे सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि पेन्शनसाठी झगडत राहिले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. हयातीत एकही पद्म किताब नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

काळ पालटला हे खरे. आमच्या चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४ ते २०१६ अशी सलग तीन वर्षे 'महाराष्ट्र केसरी' झाले, तेव्हा शासनाने त्यांना पोलीस उपअधीक्षक नेमले. पण केसरी होण्याआधी पोराला आखाड्यापर्यंत पोचावे लागते. तिथवर त्याच्या वतीने बोलणारा कुणी लागतो.

खर्डीकरही मास्तरच होते. त्यांनी घर गहाण टाकले. माझ्याकडून एक चिठ्ठी झाली नाही!

फडात त्या गृहस्थाने आपल्या मुलाला पुढे केले होते. वय तेरा, अंग मातीने माखलेले. "याला कोल्हापूरच्या तालमीत धाडायचं म्हणतो, सर. तिथं ओळख कुणाची नाही."

कोल्हापुरात माझे एक जुने स्नेही आहेत. चिठ्ठी मी तिथेच, मांडीवर वही ठेवून लिहिली. बापाने ती दोनदा वाचली आणि जपून खिशात ठेवली. जुन्या चिठ्ठीचा विषय त्याने काढला नाही.