मिलोसच्या काळ्या काचेचा माग

ग्रीसच्या आर्गोलिड किनाऱ्यावरच्या फ्रांख्थी गुहेत थॉमस जेकबसन यांनी १९६७ ते १९७६ या काळात उत्खनन केलं. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीच्या, हिमयुग सरत आलेलं असतानाच्या थरांत ऑब्सिडियनचे मोजके तुकडे निघाले. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. लाव्हा इतक्या झपाट्याने थिजतो की त्यात स्फटिक धरायला सवडच मिळत नाही. पण फ्रांख्थीच्या आसपास असा दगडच नाही. मग तो आला कुठून?

या प्रश्नाची किल्ली १९६४ साली जे. आर. कॅन आणि कॉलिन रेनफ्र्यू यांनी शोधली. तोवर रंग आणि चकाकी पाहून अंदाज बांधला जाई. पूर्व तुर्कस्तानातलं बिंगोल आणि नेमरुत दागचं ऑब्सिडियन उजेडासमोर धरलं की हिरवट दिसतं, पण इतर बहुतेक ठिकाणचे काळे तुकडे डोळ्यांना सारखेच. बहुतेकांत सिलिकाही सत्तर टक्क्यांच्या वर. फरक असतो तो बेरियम, झिर्कोनियम अशा अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांत; प्रत्येक ज्वालामुखीत त्यांचं प्रमाण वेगळं. तेव्हा नमुन्याची पूड विद्युतज्योतीत जाळून वर्णपट घ्यावा लागे. आता हातात मावणारं क्ष-किरण यंत्र पात्याला ओरखडाही न काढता काही मिनिटांत रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम मोजतं. हत्याराचा कण न कण जपणाऱ्या संग्रहालयांसाठी ही केवढी सोय!

फ्रांख्थीचा दगड मिलोस बेटाचा निघाला. हिमयुगात समुद्र बराच खाली होता, तरी मिलोस तेव्हाही बेटच होतं. म्हणजे शेतीची गंधवार्ता नसलेली माणसं खुल्या समुद्रात नावा घालत होती. त्या नावांची एक फळीही उरलेली नाही. पुरावा आहे तो या दगडाचा. मला या संशोधनातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

पश्चिम आशियात रेनफ्र्यू आणि सहकाऱ्यांना दिसलं, की खाणीपासून साधारण ३०० किलोमीटरपर्यंतच्या वस्त्यांत दगडी हत्यारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ऑब्सिडियनची असतात. त्यापुढे प्रमाण झपाट्याने घसरतं. यावरून त्यांनी गावोगावच्या देवघेवीचं चित्र मांडलं: शेजाऱ्याकडून घ्यायचं, थोडं ठेवायचं, उरलेलं पुढे द्यायचं.

मात्र उगम सापडला म्हणजे व्यापार सिद्ध झाला, असं मानणं घाईचं आहे. रॉबिन टॉरेन्स यांनी मिलोसवरच्या निखिया आणि देमेनेगाकी या दोन्ही खाणींवरचा छिलक्यांचा खच तपासला. मालकीच्या कुंपणाच्या, पगारी कारागिरांच्या खुणा त्यांना आढळल्या नाहीत. लोक नावेने येत आणि हवा तेवढा दगड स्वतःच फोडून नेत, असा त्यांचा १९८६ सालच्या ग्रंथातला निष्कर्ष आहे.