जाड्या-रड्यांचा एक बोलपट व प्रेक्षकांचीं मतें

एकाच पंगतीस बसलेल्या दहा जणांची रुचि सारखी नसते. मग एकच खेळ पाहून उठलेल्या प्रेक्षकांचीं मतें सारखीं कशीं असावींत? परंतु मतें भिन्न कां झालीं हें शोधूं गेल्यास त्या खेळाची घडण उमगते व पाहणाऱ्याच्या मनाचीही थोडी ओळख पटते. या दृष्टीनें एका जुन्या विनोदी बोलपटाचा आम्ही येथें विचार करणार आहों.

हा बोलपट म्हणजे १९३७ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘वे आउट वेस्ट’ होय. त्यांतील जोडगोळी स्टॅन लॉरेल व ऑलिव्हर हार्डी यांची. लॉरेल १८९० सालीं इंग्लंडांत जन्मला. हार्डी १८९२ सालीं अमेरिकेच्या जॉर्जिया प्रांतांत. एक किडकिडीत व ऊठसूट रडणारा. दुसरा स्थूल व स्वतःच्या शहाणपणाविषयीं अगदीं निःशंक. आपल्याकडे या दोघांस ‘जाड्या-रड्या’ म्हणतात, तें उगीच नव्हे.

कथा थोडक्यांत अशी: एका सोन्याच्या खाणीचा दस्तऐवज खाणीच्या मृत मालकाच्या मुलीस नेऊन देण्याचें काम या दोघांकडे येतें. एक खेचर बरोबर घेऊन ते दूर पश्चिमेकडील एका गांवीं पोहोंचतात. ती मुलगी, मेरी, तेथील दारूच्या गुत्त्यांत राबत असते. गुत्त्याचा लबाड मालक आपल्या बायकोलाच मेरी म्हणून पुढें करतो, आणि हे भोळे जीव दस्तऐवज तिच्या हातीं ठेवून मोकळे होतात. पुढें खरी मेरी भेटते, आणि मग दस्तऐवज परत मिळविण्याची धडपड सुरू होते.

कित्येक प्रेक्षक म्हणतात कीं, हें कथानक फारच तुटपुंजें आहे. गांवांत शिरतांच गुत्त्याबाहेर चाललेलें गाणें ऐकून दोघे नाचूं लागतात. त्या नाचावांचून कथेचें कांहींएक अडलें नसतें. हें म्हणणें खरें आहे. तथापि पुष्कळांस सर्वांत प्रिय वाटतो तो हा नाचच! एक देह भारी, एक हलका. पण ताल एकच. त्यांच्या मुद्रेवर कोणास हंसविण्याची खटपट दिसत नाहीं; दोन मित्र आनंदांत आहेत, एवढेंच दिसतें. पाहणाऱ्यास तेवढें पुरतें.

दुसरा आक्षेप संथपणाचा. एखादी फजिती झाली कीं हार्डी थेट प्रेक्षकांकडे पाहत राहतो आणि क्षणभर कांहींच घडत नाहीं. याचें कारण जाणण्याजोगें आहे. लॉरेल हा नुसता नट नव्हता. प्रसंगांची रचना व चित्रपटाची काटछाट यांतही त्याचें लक्ष असे. त्यांचे चित्रपट आधीं सामान्य प्रेक्षकांस दाखवून पाहत. लोक कोठें व किती वेळ हंसतात हें लक्षांत घेऊन, हंशांत पुढील वाक्य बुडूं नये इतकी जागा मोकळी ठेवीत. भरलेल्या नाटकगृहांत ती जागा लोकांच्या हंशानें भरून निघे. आज घरीं लहानशा पडद्यावर एकट्यानेंच हा चित्रपट पाहिला, तर तीच जागा रिकामी वाटते. चित्र तेंच आहे. सोबत मात्र नाहीं.

तिसरी शंका गंभीर आहे व ती पालकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. भोळ्या माणसांची फजिती पाहून मुलांनीं हंसावें काय? हार्डी ओढ्यांतील एकाच खड्ड्यांत तीन वेळां बुडतो. लॉरेल पैजेचा बोल खरा करण्यासाठीं हार्डीची टोपी खाऊं लागतो. आरंभीं रडतो, मग मीठ लावून चवीनें खातो! हें सारें मूर्खपणाचें आहे, यांत संशय नाहीं. परंतु पुढचें विसरूं नये. गांवच्या अंमलदारानें हांकून लावल्यावर त्यांस निघून जाण्यास कोणाची हरकत नव्हती. तरी केवळ आपल्या हातून एका अनाथ मुलीचें नुकसान झालें म्हणून ते रात्रीं परत येतात, आणि शेवटीं दस्तऐवज तिला मिळवून देतात. हा चित्रपट त्यांच्या अकलेस हंसतो. त्यांच्या सचोटीस एकदांही हंसत नाहीं.

आमच्या मतें या चित्रपटाची खरी थोरवी येथेंच आहे. वर्गांत एखाद्यास उत्तर येत नाहीं, खेळांत एखादा धडपडतो, आणि आपण हंसतों. तें हंसणें त्यास आपल्यांत ओढून घेणारें आहे कीं बाहेर ढकलणारें, हें पाहिलें पाहिजे. लॉरेल अडखळला म्हणजे हार्डी चिडतो, ओरडतो. पण त्यास सोडून एकटा पुढें जात नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनीं हा चित्रपट एकट्यानें न पाहतां आईबापांसह व भावंडांसह पाहावा, आणि मग कोणास कोठें हंसूं आलें व कां आलें हें एकमेकांस विचारावें. मतें जुळलीं नाहींत तरी चिंता नाहीं.