घरासाठी इथरनेट केबल घेताय? आधी केबलवर काय छापलंय ते वाचा!

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राउटर नवा, फोन ५ गीगाहर्ट्झच्या वायफायला जोडलेला. तरीही स्पीड टेस्ट केली की आकडा ९४-९५च्या पुढे हलतच नाही. असं तुमच्याकडे होतंय का?

माझ्याकडे झालं होतं. राउटर दहा वेळा बंद-चालू केला, त्याची जागा बदलली, फोनलाही दोष देऊन झाला. शेवटी कारण सापडलं ते फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत जाणाऱ्या छोट्याशा केबलमध्ये. तिच्या क्लिपजवळ एक तार तुटली होती. केबल बदलली आणि त्याच प्लॅनवर, त्याच फोनवर पूर्ण स्पीड मिळायला लागला.

"आपण तर सगळं वायफायवरच वापरतो, केबलचा काय संबंध?" असं वाटत असेल, तर गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी कितीही मोठी असली तरी नळाला पाणी येतं ते मधल्या पाइपाएवढंच. फोनपर्यंत वायफाय असलं तरी राउटरपर्यंत इंटरनेट केबलनेच येतं.

स्पीड ९५वरच का अडकतो?

इथरनेट केबलच्या आत ८ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या ४ जोड्या. प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घातलेली असते. या पिळामुळे बाहेरच्या विजेचा आणि शेजारच्या जोडीचा त्रास कमी होतो.

१०० एमबीपीएससाठी यातल्या २ जोड्या पुरतात. १ जीबीपीएससाठी मात्र चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही, तर दोन्हीकडची उपकरणं बऱ्याचदा १०० एमबीपीएसवर उतरतात. नेट बंद पडत नाही, म्हणून आपल्याला शंकाही येत नाही.

केबल घेण्याआधी पोर्ट तपासा

राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा कंप्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'लिंक स्पीड' बघा. तिथे १००० दिसलं तर केबल ठीक आहे. १०० दिसलं तर दोन शक्यता असतात: केबल खराब आहे, किंवा पोर्टच १०० एमबीपीएसचा आहे. खोक्यावर '१०/१००' किंवा 'फास्ट इथरनेट' लिहिलं असेल, तर जगातली कितीही भारी केबल लावा, काही फरक पडणार नाही. 'गिगाबिट' किंवा '१०/१००/१०००' लिहिलेलं हवं.

कॅट ५, ५ई, ६, ८: नेमका फरक काय?

केबलच्या वरच्या आवरणावर तिचा प्रकार छापलेला असतो.

- कॅट ५: जुना प्रकार, १०० एमबीपीएसच्या काळातला. नवीन घेऊ नका.
- कॅट ५ई: १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस. घरात आधीच टाकलेली असेल आणि नीट चालत असेल, तर उगाच उपटू नका.
- कॅट ६: १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस, आणि साधारण ५५ मीटरपर्यंत १० जीबीपीएससुद्धा. आज नवीन घ्यायची तर हीच.
- कॅट ६ए: १०० मीटरपर्यंत १० जीबीपीएस. जाड आणि वळवायला अवघड असते. नवीन घरात भिंतीतून कायमची केबल टाकणार असाल तरच विचार करा.
- कॅट ७: अमेरिकेतल्या टीआयए या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने हा प्रकार स्वीकारलेलाच नाही. घरात त्याची गरज नाही.
- कॅट ८: ३० मीटरपर्यंत २५ ते ४० जीबीपीएस. ही डेटा सेंटरसाठी बनवलेली आहे. ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला कॅट ८ लावून नेट वाढत नाही, फक्त खिसा हलका होतो.

खरी फसवणूक इथे होते: तांबं की ॲल्युमिनियम?

कॅटच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट महत्त्वाची आहे. स्वस्त केबलमध्ये अनेकदा तार ॲल्युमिनियमची असते आणि वर फक्त तांब्याचा पातळ थर असतो. तिला 'सीसीए' म्हणतात. ॲल्युमिनियममध्ये विजेला जास्त अडथळा होतो, शिवाय अशी तार वाकवताना लवकर तुटते. ज्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला याच केबलमधून वीजही द्यायची असते, तिथे ती तापू शकते. म्हणून तिथे सीसीए अजिबात नको.

ओळखायची कशी? खोक्यावर 'प्युअर कॉपर' किंवा 'बेअर कॉपर' लिहिलंय का ते बघा. खात्री नसेल तर तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरट चंदेरी निघालं तर ॲल्युमिनियम, लालसर राहिलं तर तांबं.

केबल टाकताना एवढं सांभाळा

- लांबी मोजा आणि थोडी जास्त धरा. घरात ५ मीटर आणि १५ मीटर केबलच्या स्पीडमध्ये फरक पडत नाही.
- लाइटच्या वायरच्या पाइपातून इथरनेट केबल ओढू नका. तिच्यासाठी वेगळी पट्टी किंवा पाइप ठेवा.
- कोपऱ्यात केबल काटकोनात दाबून मोडू नका, हळूच वळवा. दाराच्या फटीत ती चेंगरणार नाही हेही बघा.
- चपटी केबल दिसायला छान असली तरी तिच्या तारा बऱ्याचदा फार बारीक असतात. लांब अंतरासाठी गोल केबलच बरी.
- आवरणाखाली धातूची जाळी असलेली शील्डेड केबल साध्या घराला लागत नाही. नीट अर्थिंग नसेल तर त्या जाळीचा उपयोगही होत नाही.

मग नक्की काय घ्यायचं?

शुद्ध तांब्याची, साधी, गोल कॅट ६ केबल. बस्स! बहुतेक घरांना पुढची बरीच वर्षं एवढी पुरेल.

आणि स्पीड कमी मिळतोय म्हणून महागडा प्लॅन घ्यायचा विचार असेल, तर आधी पाच मिनिटं काढून लिंक स्पीड बघा. केबलच १००वर अडकली असेल, तर ५०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही फोनवर तेच ९४-९५ दिसतील. महिन्याच्या बिलात वाढ होण्यापेक्षा एकदाच केबल बदललेली केव्हाही स्वस्त!