ब्योमकेशला वय असू द्या

३१ डिसेंबर २०३० ही तारीख मी वहीत नोंदवून ठेवली आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो, आणि ही साठ वर्षे निधनानंतरच्या नव्या वर्षापासून मोजली जातात. शरदिंदु बंद्योपाध्याय १९७० च्या सप्टेंबरात गेले. म्हणजे १ जानेवारी २०३१ पासून त्यांचा ब्योमकेश बक्षी कोणाचाही! (रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा सरकारने पन्नासाची साठ वर्षे केली होती. तसे पुन्हा घडले नाही तर.) चित्रवाणी वाहिन्यांचे आणि ओटीटीवाल्यांचे या तारखेकडे लक्ष नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हक्क विकत घेऊन त्याआधीही कोणी हिंदीत नवी मालिका काढील. मी तिची वाट पाहतो आहे, पण थोड्या धास्तीने.

धास्तीचे कारण १९९३ साली घडलेली गोष्ट आहे. त्या वर्षी बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका दूरदर्शनवर आली. पैसा बेताचा, नेपथ्य त्याहून बेताचे. बहुतेक प्रसंगांत चार माणसे एका खोलीत बसून बोलत असत. पण रजित कपूर यांनी धोतर नेसून, आवाज न चढवता जो ब्योमकेश उभा केला, तो समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकत होता. चित्रवाणीवरचे डिटेक्टिव्ह सहसा ऐकत नाहीत. आपले वाक्य कधी येते याची वाट पाहत असतात. के. के. रैनांचा अजित हा मित्रही केवळ हसे करून घेण्यापुरता नव्हता. आणि सत्यवती होती आपली सुकन्या कुलकर्णी. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा खुनी कोण हे ठाऊक असूनही मी पुन्हा पाहिली. उत्तर कळल्यावरही कथा उरते की नाही, हीच रहस्यकथेची खरी परीक्षा.

अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या मराठी वाचकाला ब्योमकेश परका वाटू नये, याला आणखीही एक कारण आहे. शरदिंदुबाबू १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले आणि १९५२ मध्ये सिनेमाचा नाद सोडून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पहिल्या दहा कथा १९३२ ते १९३६ या काळातल्या. नंतर सुमारे पंधरा वर्षे काही नाही. मग तो परतला, आणि त्याच्या उत्तरकाळातल्या बहुतेक कथा लेखक पुण्यात राहत असताना लिहिल्या गेल्या. कलकत्त्याच्या गल्ल्या आणि ट्रामगाड्या पुण्यात बसून! याच गृहस्थांनी बंगाली मुलांसाठी शिवकालातल्या सदाशिव नावाच्या मावळ्या पोराच्या गोष्टीही लिहिल्या, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

या पुनरागमनाची पहिली कथा ‘चित्रचोर’. एवढ्या वर्षांनी परतणारा नायक वाचकाला कुठे भेटतो? आजारातून उठलेला, खुर्चीत बसलेला, आणि बायको डाळिंबाच्या रसाचा पेला घेऊन समोर उभी. मला ब्योमकेश आवडतो तो इथे. होम्सने लग्न केले नाही. पॉयरो तर क्रिस्तीबाईंनी आणला तेव्हाच सेवानिवृत्त होता, त्यामुळे पुढे पन्नासेक वर्षे त्याचे काय करावे हा त्यांना पेचच पडला. ब्योमकेश मात्र एका तपासात भेटलेल्या मुलीशी लग्न करतो, बाप होतो, बायकोशी भांडतो, आणि हॅरिसन रोडची बिऱ्हाडाची जागा सोडून केयातल्यात स्वतःचे घर बांधतो. (कर्ज काढले की नाही हे लेखक सांगत नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ते विचारावेसे वाटतेच.) १९३२ चा तरुण १९७० पर्यंत आपल्यासारखाच हळूहळू म्हातारा होत जातो.

रूपांतरकारांना नेमके हेच अडचणीचे वाटते. १९६७ च्या ‘चिडियाखाना’त सत्यजित राय यांनी उत्तमकुमारना ब्योमकेश केले, ते वयाने शोभले, पण तो एकच चित्रपट. २०१५ च्या हिंदी चित्रपटात दिबाकर बॅनर्जींनी सुशांतसिंह राजपूतला घेऊन महायुद्धातले कलकत्ते उभे केले. देखणे काम, पण ब्योमकेश नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. बंगालीत तर गेल्या पंधरा वर्षांत इतके ब्योमकेश झाले की मोजदाद सोडून द्यावी. १९९७ मध्ये चटर्जींनी दुसरा भाग काढला, त्यात उत्तरकाळातल्या कथाही घेतल्या. पण रजित कपूर तोवर चार वर्षांनीच मोठे झाले होते!

वय वगळले की काळही जातो. ‘आदिम रिपु’ ही कथा घ्या. १९४६ च्या दंगलीनंतरचे कलकत्ते, एका व्यापाऱ्याचा काळ्या बाजारातला पैसा, आणि कथा पोचते स्वातंत्र्याच्या ऑगस्टपर्यंत. नव्या मालिकेत हा पैसा दाखवताना कोणी ट्रंक उघडून हजाराच्या नोटांची थप्पी दाखवली, तर मी चित्रवाणी संच तिथेच बंद करीन. सरकारने १९४६ च्या जानेवारीतच पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या होत्या. त्या कथेच्या वेळी तसली थप्पी म्हणजे रद्दी. माणसाने शंभराच्या नोटा साठवायच्या, आणि शंभराच्या नोटांना जागा फार लागते. पैसा लपवायचा कुठे, हा प्रश्न त्यामुळे खरोखरचा होतो. रहस्यकथेत अशा गोष्टी सजावटीच्या नसतात, त्यांच्यावरच कथा उभी असते.

तेव्हा नव्या दिग्दर्शकाकडे माझे मागणे साधे आहे. ट्राम, धुके, चिनी वस्ती हे सगळे खुशाल दाखवावे. ते तो दाखवणारच. पण तिसाव्या वर्षी घेतलेला नट पन्नाशीपर्यंत बदलू नये. पाच-सहा वर्षांच्या अंतराने एकेक भाग काढावा आणि त्याचे केस आपोआप पांढरे होऊ द्यावेत. निर्माता याला तयार होणार नाही, हे मला कळते. हिशेब मलाही येतो.

शेवटचा प्रश्न ‘बिशुपाल वध’चा. ही कथा शरदिंदुबाबूंच्या हातून अपुरी राहिली. नाटकगृहात कीचकवधाचा प्रयोग चालू आहे, आणि कीचक झालेला नट रंगमंचावरच खरोखर मरतो. (खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आलेल्या या प्रांतात ही कल्पना वाचताना जरा अंगावर येते.) २०२२ च्या एका बंगाली चित्रपटाने या कथेला आपल्या मनाने शेवट जोडला. नव्या मालिकेने तसे करू नये. कथा जिथे थांबली तिथेच तो भाग थांबवावा, ब्योमकेशला नाटकगृहात तसाच ठेवून. खुनी कोण यावर मग आपण आपल्या घरात वाद घालू.