वादळापेक्षा लहान देश

७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ चक्रीवादळ ग्रेनाडाच्या दक्षिण टोकाजवळून गेलं. एका दिवसात देशातल्या दहापैकी नऊ घरांचं नुकसान झालं आणि ३९ माणसं दगावली. पंतप्रधान कीथ मिचेल यांचं निवासस्थानही कोसळलं, त्यांना ब्रिटिश युद्धनौकेवर आसरा घ्यावा लागला. तुरुंगाच्या भिंती पडल्या आणि कैदी बाहेर पडले. नुकसानीचा हिशोब झाला तेव्हा आकडा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट निघाला.

कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय कडेला असलेला हा देश बृहन्मुंबईपेक्षाही बराच लहान आहे. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, वस्ती लाख-सव्वा लाखाची. मोठ्या चक्रीवादळात विध्वंसक वाऱ्याचा पट्टाच शंभर-दीडशे किलोमीटर रुंद असू शकतो. म्हणजे देश वादळात अख्खा मावतो. जून २०२० मध्ये आपल्याकडे ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. तो घाव खोल होता, पण वादळ ओसरल्यावर विजेचे खांब, पत्रे, वायरमन, डॉक्टर उरलेल्या महाराष्ट्रातून कोकणात पोहोचू शकत होते. ग्रेनाडाला ‘उरलेला देश’ असा नव्हताच. ज्यांनी मदत पोहोचवायची, त्यांच्याच घरावर छप्पर नव्हतं.

पण घरं दोन-चार वर्षांत उभी राहतात. झाडांचं तसं नाही, आणि ग्रेनाडाची शेती झाडांवर उभी होती. जायफळ उत्पादनात तेव्हा इंडोनेशियाच्या खालोखाल नाव असलेला हा देश. त्याच्या राष्ट्रध्वजावरही जायफळ आहे. हे झाड १८४३ साली बाहेरून आलं आणि डोंगरउतारावरच्या ओलसर सावलीत रुजलं. त्याची मुळं मात्र उथळ असतात. जोराच्या वाऱ्यात ते मोडण्याआधी मुळासकट उलथतं. आयव्हनने बहुतेक बागा अशाच आडव्या केल्या.

कोकणात सुपारीच्या वाडीत ज्यांनी जायफळ लावलंय, त्यांना पुढची अडचण सांगायला नको. रोप लावल्यापासून पहिलं फळ दिसायला सहा ते आठ वर्षं जातात, भरघोस पीक यायला पंधरा-वीस. त्यातही नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बीपासून वाढवलेलं झाड फुलोऱ्यावर येईपर्यंत ते नर की मादी हे ओळखता येत नाही. अनेक वर्षं राखलेल्या रोपांपैकी निम्मी नर निघाली तर ती बहुतेक काढून टाकावी लागतात, कारण दहा माद्यांना एक नर पुरतो. कलमं केली तर हा जुगार टळतो, वाट पाहणं मात्र टळत नाही. साठीतल्या शेतकऱ्याने जायफळ पुन्हा लावायचं ते कोणासाठी? अनेकांनी लवकर फळणाऱ्या कोकोकडे मोर्चा वळवला, काहींनी शेती सोडली. जे हिमतीने पुन्हा लागवडीला लागले त्यांना दहा महिन्यांतच, जुलै २००५ मध्ये, ‘एमिली’ वादळाने गाठलं. १९५५ च्या ‘जॅनेट’ वादळानंतर आयव्हन येईपर्यंत जवळजवळ अर्धं शतक या बेटाला एवढा तडाखा बसला नव्हता. वादळं इतक्या दक्षिणेला येत नाहीत, असा लोकांचा समज झाला होता.

त्या समजाला १ जुलै २०२४ रोजी पुन्हा तडा गेला. ‘बेरिल’ हे चौथ्या श्रेणीचं वादळ ग्रेनाडाच्याच कॅरियाकू या धाकट्या बेटावर थेट आदळलं. बेट जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं. अर्ध्या तासात ते सपाट झालं, असं पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितलं.

छपरं इतक्या झटपट का जातात? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. छपरावरून वेगाने जाणारी हवा पत्रा वर ओढते. त्यात एखादी खिडकी फुटली की आत घुसलेला वारा खालूनही रेटतो. छप्पर गेलं की भिंतींचा आधार जातो. कॅरियाकूत याच्याही पुढचं दुखणं आहे. या बेटावर नदी नाही. छपरावर पडणारं पावसाचं पाणी पन्हळीतून टाकीत साठवायचं आणि तेच वर्षभर वापरायचं, ही तिथली रीत. म्हणजे पत्रे उडाले त्या क्षणी पुढच्या पाण्याची सोयही उडाली. खारफुटीच्या आडोशाला आणून बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या, आणि ती खारफुटीही उघडीबोडकी झाली. लाकडी होड्या बांधण्याच्या इथल्या कलेला युनेस्कोने मानवतेच्या वारशात स्थान दिलं होतं, त्याला वर्षही झालं नव्हतं. यावेळी ग्रेनाडाचं मुख्य बेट त्या मानाने बचावलं होतं, म्हणून बोटीने मदत तरी निघू शकली.

जूनच्या अखेरीस एवढं प्रबळ वादळ अटलांटिकमध्ये पूर्वी नोंदलं गेलं नव्हतं. चक्रीवादळाला ताकद मिळते ती समुद्राच्या उबेतून, आणि ती ऊब एरवी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शिगेला पोहोचते. त्या वर्षी समुद्र जूनमध्येच तितका तापला होता. कॅरियाकू सोडल्यावर २ जुलैला बेरिल पाचव्या श्रेणीत गेलं, आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर.

कॅरिबियन देशांनी हात बांधून वाट पाहिलेली नाही. २००७ मध्ये त्यांनी मिळून आपत्ती विमा निधी उभारला. त्यात नुकसानीचे पंचनामे होईपर्यंत थांबावं लागत नाही. वाऱ्याचा वेग, वादळाचा मार्ग यांवरून अंदाज बांधून दोन आठवड्यांत पैसे मिळतात. बेरिलनंतर ग्रेनाडाला त्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर मिळाले. मोठं वादळ आलं तर कर्जाचे हप्ते पुढे ढकलता येतील, अशी अटही ग्रेनाडाने आधीच रोख्यांत घालून घेतली होती, ती २०२४ मध्ये वापरली गेली. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते. पण विम्याचे पैसे सरकारी तिजोरीत येतात, जायफळाचं झाड शेतकऱ्याच्या बागेतून जातं.

समुद्र तापवणाऱ्या कार्बनमध्ये अशा सगळ्या छोट्या द्वीपदेशांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे. हवामानबदलाने होणाऱ्या नुकसानीसाठी जगाने स्थापन केलेल्या निधीत २०२३ च्या दुबई हवामान परिषदेत सुमारे ७० कोटी डॉलर देण्याचं आश्वासन मिळालं. आयव्हनने एकट्या ग्रेनाडाचं केलेलं नुकसान ८० कोटी डॉलरच्या वर होतं.