मेंदूतील आडवाटा

व्यापाऱ्याला माल कोठे पाठवायचा हे ठाऊक असून भागत नाही. वाटेत कोणता फाटा फुटतो, हेही माहीत असावे लागते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची गोष्ट निराळी नाही.

मेंदूच्या आवरणात कधी कधी धमनी आणि शीर यांचा थेट जोड तयार होतो. मधल्या केशवाहिन्याच नसल्याने धमनीतील जोराचा प्रवाह नाजूक शिरेत घुसतो व रक्तस्रावाचे भय निर्माण होते. अशा वेळी मांडीतून अथवा मनगटातून अतिशय बारीक नळी वरपर्यंत नेऊन, वैद्यकीय गोंद सोडून तो जोड बुजविता येतो. कवटी उघडावी लागत नाही, म्हणून घरची माणसे हा उपचार किरकोळ समजतात. तो तसा नाही.

हा गोंद पुष्कळदा आवरणाला रक्त पुरविणाऱ्या धमनीतून सोडतात. डोळ्याची धमनी सामान्यतः मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या आतल्या मोठ्या धमनीपासून निघते. परंतु गर्भावस्थेत तिला दुसरीही एक वाट असते. बहुतेकांत ही वाट पुढे मिटते. थोड्या माणसांत तीच टिकते आणि डोळ्याचे रक्त आवरणाच्या धमनीतूनच येते. त्या माणसाला जन्मभर याचा काहीही त्रास होत नाही. त्रास होतो तो गोंद सोडताना. एखादा थेंब त्या फाट्यात शिरला, तर त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते.

लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली रक्तवाहिन्यांत द्रव्य सोडून मेंदूचे क्ष-किरणचित्र घेण्याची पद्धत दाखविली; तिचेच सुधारलेले रूप आज वाट तपासते. आवरणाच्या धमनीत द्रव्य सोडल्यावर डोळ्यामागे चंद्रकोरीसारखी छटा उमटली, की डॉक्टर थबकतात. रुग्ण जागा असल्यास आधी बधिर करणारे औषध सोडून दृष्टी क्षणभर मंदावते का, हेही पाहता येते. मात्र चाचणी निर्दोष आली तरी सावधपणा सुटत नाही. जोड बुजत जातो तसा दाब वाढतो आणि आधी न दिसलेल्या वाटा उघडतात.

फाटा आढळलाच, तर नळी त्याच्या बरीच पुढे नेतात, शिरेच्या बाजूने जोड गाठतात, किंवा शस्त्रक्रियेचा विचार करतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, ‘डोळ्याची धमनी कोठून निघते, ते पाहिले का?’ एवढे अवश्य विचारावे. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. ते चित्रच समोर धरतात.